अनोळखी पाणी, दोन काठ्या

नव्या तलावावरची आमची पहिली चूक पहाटे साडेचारला झाली. आम्ही उठलो.

मार्चचा दुसरा आठवडा होता. मित्र नुकताच दुसऱ्या राज्यातून नॉर्थ कॅरोलायनात राहायला आला होता, आणि तिथल्या जॉर्डन लेक या तलावाचा आम्ही गाठलेला फाटा, म्हणजे जमिनीत शिरलेला पाण्याचा हात, मीही कधी पाहिलेला नव्हता. दोघेही रत्नागिरीकडचे. मासे धरायचे तर उजाडायच्या आत बाहेर पडायचं, हे लहानपणी गरवायला जाताना डोक्यात पक्कं बसलेलं. साडेसहाला पाण्यावर होतो. काठीच्या कड्यांत बर्फ धरत होता, बोटं बधिर झाली होती. साडेबारा वाजले तरी दोघांत मिळून एक मासा नाही. वैतागून बोट बाहेर काढत होतो, तर रॅम्पवर एक म्हातारबुवा आपली छोटी ॲल्युमिनियमची बोट निवांत पाण्यात सोडत होते. आमच्याकडे बघून म्हणाले, "निघालात? मासे तर आत्ता जेवायला बसतील."

त्या एका वाक्यात अर्धा लेख आला. उरलेला अर्धा शिकायला आम्हाला पुढचे तीन-चार मार्च लागले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे.

अमेरिकेत नुसतं 'बास' म्हटलं की बहुतेक वेळा लार्जमाउथ बास समजायचा. हिरवट अंग, कुशीवर काळसर पट्टा आणि डोळ्याच्याही मागे पोचणारा जबडा. तळ्यातला हा दरोडेखोर. पण मासा असल्यामुळे पाण्याचं जे तापमान तेच त्याच्या अंगाचं. पाणी ४५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७ सेल्सियसच्या आसपास असेल तेव्हा त्याचं पचन रेंगाळतं आणि तो खोल पाण्यात जवळजवळ उपास करत पडून असतो. ५० ओलांडलं की हलायला लागतो. ५५ ते ६० च्या दरम्यान, म्हणजे १३ ते १६ सेल्सियसला, खादाड होतो, कारण पुढे वीण असते. ६० च्या वर गेलं की नर उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून घरटी करायला लागतात. मध्य नॉर्थ कॅरोलायनात हा सगळा प्रवास फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत चालतो. आपल्या पंचांगात सांगायचं तर साधारण होळी-पाडव्याच्या आसपासचे दिवस. माद्या गाभोळीने भरलेल्या असतात, त्यामुळे वर्षातले सर्वांत वजनदार मासे याच दिवसांत लागतात.

पहाट का नको, ते आता कळलं असेल. रात्रभर निवलेलं पाणी सूर्योदयाला दिवसातलं सर्वांत गार असतं. उन्हाळ्यात तोच गारवा माशाला वर आणतो, मार्चमध्ये तोच त्याला तळाशी दाबून ठेवतो. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच ही खरी वेळ. शिवाय मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथली घड्याळं एक तास पुढे जातात आणि सात वाजून गेले तरी उजेड असतो. कोकणात आपण भरती-ओहोटी विचारून निघतो. इथे विचारायचं ते तापमान.

जॉर्डन लेक हे नावालाच तळं आहे. १९४५ मध्ये केप फिअर नदीला मोठा पूर आला, त्यानंतर पूरनियंत्रणाचा विचार सुरू झाला. १९६३ मध्ये धरणाला मंजुरी मिळाली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सने हॉ नदीवर बांधलेल्या धरणामागे न्यू होप नदीचं खोरं पाण्याखाली गेलं. पसारा साधारण १४,००० एकरांचा. कॅरी आणि एपेक्स या गावांच्या नळांना याच तलावाचं पाणी येतं, म्हणजे तिथल्या कित्येक मराठी घरांतला सकाळचा चहा याच पाण्याचा. धरणाचा फुगवटा आहे हे लक्षात ठेवायचं ते एवढ्यासाठी की पाण्याखाली जुनं खोरं जसंच्या तसं आहे: ओढ्यांची पात्रं, उतार, खोडं, बुडालेले रस्ते. मासा त्या जुन्या भूगोलाने चालतो, वरच्या सपाट निळ्या पाण्याशी त्याला देणंघेणं नसतं.

हा प्रवास मला वारीसारखा वाटतो. हिवाळ्यातलं खोल पाणी ही आळंदी, वीण घालायचं दोन ते पाच फुटांचं उथळ पाणी हे पंढरपूर, आणि मधे ठरलेले मुक्काम. बास एका दिवसात खोलातून उथळात जात नाही. ओढ्याच्या जुन्या पात्राच्या कडेने तो आत सरकतो आणि वाटेत थांबत थांबत जातो. हे मुक्काम कुठे असतात? काठावरून डोंगराची सोंड उतरावी तशी जमीन पाण्यात उतरते आणि पाण्याखाली काही अंतर पुढे जाते, तिथे. फाट्याच्या तोंडाशी एक मोठी सोंड असते, आत गेलं की दुसरी, तिसरी. मार्चमध्ये त्या आतल्या सोंडा आपल्या. त्यातही जिथे ओढ्याचं जुनं पात्र वळण घेऊन सोंडेला घासून जातं ती जागा सगळ्यांत उत्तम. नकाशावर तिथे खोलीच्या रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. माशाला तिथे दोन शेपट्या मारल्या की उथळ पाणी, दोन मारल्या की खोल.

म्हणून नव्या जागी जायचं तर पहिला दिवस घरी बसून काढा. नॅव्हिऑनिक्ससारख्या ॲपमध्ये खोलीचे नकाशे मिळतात, उपग्रहाची चित्रं मोफत दिसतात. मित्राला चहाला बोलवा आणि दोघे मिळून एकच फाटा निवडा. एकच. दोन-तीन किलोमीटर लांबीचा, मधून ओढ्याचं पात्र जाणारा, टोकाला उथळ होत जाणारा. १४,००० एकरांत मासा शोधणं म्हणजे पत्त्याशिवाय पुण्यात जोशी शोधणं. नवखे लोक इथेच चुकतात. एका जागी मासा लागला नाही की इंजिन सुरू, चार मैलांवर दुसरी जागा, मग तिसरी, आणि दिवसाअखेर तलावाची सहल झालेली असते. एक फाटा पूर्ण चाळून रिकामा निघाला तरी तुम्हाला काहीतरी कळलेलं असतं.

फाटा कोणता निवडायचा? ज्याचा उत्तरेकडचा काठ मोठा आणि झाडीचा आहे तो. आपण इथे ३६ व्या अक्षांशाजवळ आहोत. मार्चमध्ये सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून उत्तरेकडच्या काठावर दिवसभर ऊन पडतं. वर वायव्येचा गार वारा त्याच काठाच्या झाडीने अडतो. गढूळसर पाणी आणि काळा तळ ऊन पिऊन लवकर तापतात, नितळ पाणी उशिरा. दगडही ऊन धरून ठेवतात. आपल्याकडे धरणाच्या भिंतीला पिचिंग असतं तसे दगड इथे पुलांच्या भरावाला लावलेले असतात. वारा दक्षिणेचा आणि मंद असेल तर वरचं तापलेलं पाणी तो ढकलत उत्तरेकडे नेतो, तेव्हा तर सोन्याहून पिवळं. एकाच दुपारी, एकाच फाट्यात, दोन काठांच्या पाण्यात मी चार अंशांचा फरक मोजला आहे. माशाला तेवढा पुरतो.

बोटीला खोली दाखवणारं यंत्र असेल तर त्यावर पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमानही दिसतं. नसेल तर काचेच्या पेटीत मासे पाळणारे वापरतात तो स्वस्त थर्मामीटर तंगूसला, म्हणजे गरीच्या दोरीला, बांधून बुडवा. पहिला अर्धा तास काठ्या खाली ठेवा आणि फक्त तापमान मोजत फिरा. मित्राचा जीव कासावीस होईल, होऊ द्या.

आता मित्राकडे वळू, कारण नव्या पाण्यात तो सोबतीपुरता नसतो. त्याची काठी हा दुसरा प्रयोग असतो. एकटा माणूस एका वेळी एकच खोली आणि एकच आमिष तपासू शकतो. दोघे दोन तपासतात, पण वेगवेगळं तपासलं तर. आम्ही पहिल्या वर्षी एकाच दुकानातून एकाच रंगाची एकसारखी आमिषं घेतली होती आणि दिवसभर एकाच झाडाकडे आळीपाळीने फेकत होतो. दोन माणसं, प्रयोग एकच.

त्यानंतर आमचा करार असा झाला. पहिले दोन तास एकाने उथळ आणि भरभर, दुसऱ्याने खोल आणि सावकाश. पुढे बसणारा दोन ते सहा फुटांत चालणारं आमिष घेतो, मागे बसणारा आठ ते बारा फुटांत तळाला लागून जाणारं. तासाभराने जागांची अदलाबदल, कारण बोटीच्या मागच्या बाजूला बसणाऱ्याला नेहमी उष्टं पाणी मिळतं. पुढच्याने बोट अशी धरायची की मागच्यालाही न फेकलेली जागा मिळेल. इथे मैत्री पाहता येते. ज्याला मासा लागेल त्याने फोटोआधी सांगायचं: किती खोल, तळ कसा होता, आमिष चालतं होतं की थांबलेलं. एक मासा हा योगायोग, दुसरा लागला की कान टवकारायचे, तिसरा लागला की दुसऱ्याने आपला हट्ट सोडून तीच पद्धत घ्यायची, पण रंग किंवा आकार थोडा वेगळा ठेवायचा. म्हणजे प्रयोग चालू राहतो.

कराराची एक अट अवघड असते, ती खरं बोलण्याची. "मासा लागला तेव्हा तू काय करत होतास?" या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर, "नेहमीसारखंच ओढत होतो." पुष्कळदा तो चहा ओतत असतो आणि आमिष अर्धं मिनिट तळाशी निवांत पडलेलं असतं. ते कबूल करणारा मित्र सोन्याचा. आमची त्या वर्षीची सगळ्यांत मोठी मादी अशीच थर्मासच्या झाकणामुळे लागली. त्यानंतर आम्ही दोघेही मुद्दाम थांबायला लागलो.

मित्रावरून आठवलं. लार्जमाउथ बासचा जागतिक विक्रम जॉर्ज पेरी नावाच्या जॉर्जियातल्या तरुण शेतकऱ्याचा. २ जून १९३२, माँटगोमेरी लेक, वजन २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोंहून जास्त. त्याच्या बरोबर त्याचा मित्र होता आणि दोघांत मिळून एकच काठी आणि एकच आमिष होतं, असं सांगतात. मासा घरी नेऊन कुटुंबाने खाल्ला. ७७ वर्षांनी, २ जुलै २००९ ला, जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिताने त्याची बरोबरी केली. तेव्हा महागडी काठी नाही म्हणून कुणी अडून बसू नये.

तरी सामान लागतंच. माणशी दोन काठ्या पुरेत. एक सात फुटांची, जरा कडक, १२ पौंडांच्या फ्लोरोकार्बन तंगूसची. दुसरी थोडी मऊ, साध्या स्पिनिंग रिळाची. बेटकास्टर रीळ नव्या माणसाच्या हाती दिलं की पाचव्या फेकीला रिळात गुंतवळ तयार होते, म्हणून मित्र नवखा असेल तर त्याला स्पिनिंगच द्या. आमिषं चार प्रकारची. लिपलेस क्रँकबेट: चपटं, आत छर्रे वाजणारं, अर्ध्या औंसाचं. फेका आणि ओढा, पाणी चाळायला याच्यासारखं दुसरं नाही. रंग तांबडा किंवा विटकरी, कारण याच दिवसांत क्रॉफिश बाहेर पडतात. क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातला बोटभर शेवंड समजा. बासचा तो आवडता घास. दुसरं जर्कबेट: लांबट, पाण्यात मधेच तरंगत थांबणारं. दोन झटके द्यायचे आणि थांबायचं. पाणी ५० च्या आसपास असेल तर दहा, पंधरा, वीस सेकंद. वीस सेकंद हा काळ किती मोठा असतो ते तिथेच कळतं. तिसरं जिग: वजनदार डोक्याची गरी, रबरी झालर, मागे रबरी नांग्या. आणि चौथं कॅरोलायना रिग, याच प्रदेशाच्या नावाचं: पुढे अर्धा-पाऊण औंसाचं वजन, मग मणी आणि फिरकी, आणि मागे दोन-तीन फुटांच्या दोरीवर मोकळा तरंगणारा रबरी सरडा. वजन तळावरून घासत नेलं की दगड, वाळू, चिखल, शिंपले सगळं काठीतून हाताला कळतं. नव्या तलावाचा तळ वाचायला मला याहून चांगलं साधन माहीत नाही. मासा लागला नाही तरी ते कामाचं आहे.

सगळ्यांत जास्त मासे मात्र आम्ही आमिषामुळे घालवले नाहीत, हातामुळे घालवले. कोकणात गरीला मासा लागला की हिसका बसतो, आपण त्या हिसक्याची वाट बघायला शिकलेलो असतो. गार पाण्यातला बास हिसका देत नाही. तो जवळ येतो, तोंड उघडतो, पाण्याबरोबर आमिष आत ओढून घेतो आणि तसाच उभा राहतो. तुम्हाला काठीवर फक्त जडपणा जाणवतो, ओलं फडकं अडकल्यासारखा. कधी तेवढंही नाही: तंगूस जरा बाजूला सरकते, किंवा वजन तळाला पोचायच्या आधीच ती सैल पडते. आपण म्हणतो, पान अडकलं. तोवर त्याने थुंकून टाकलेलं असतं. म्हणून नजर काठीच्या टोकावर ठेवू नका, तंगूस पाण्यात जिथे शिरते तिथे ठेवा. शंका आली की सैल दोर गुंडाळा आणि काठी उचला. पान निघालं तर पुन्हा फेका. मात्र तीन टोकांच्या गऱ्या असलेल्या आमिषाला झटका देऊ नका, नुसतं ओढत राहा, मासा स्वतःच अडकतो.

मार्चचं हवामान सरळ नसतं. तीन दिवस ऊब, मग पाऊस, मग वायव्येचा वारा आणि काचेसारखं निळं आकाश. त्या निळ्या आकाशाला भुलू नका, थंड लाट येऊन गेल्यानंतरचा तो दिवस मासेमारीला वर्षातल्या सर्वांत वाईट दिवसांपैकी असतो. मासा पळून जात नाही. वारीचा एक मुक्काम मागे सरकतो, किंवा खोडाला चिकटून बसतो. तुम्हीही एक सोंड मागे जा, आमिष लहान करा, वेग निम्मा करा. याउलट उबदार पाऊस पडून गेला असेल आणि फाट्याच्या टोकाला गढूळ, कोमट पाणी येत असेल तर घरातलं लग्न सोडून जावं, असं माझं मत आहे. घरी ते मान्य नाही.

पाऊस फार झाला तर धरणाची पातळी चढते. जॉर्डनची नेहमीची पातळी समुद्रसपाटीपासून २१६ फूट. पूर अडवणं हेच मूळ काम असल्यामुळे ती काही फुटांनी सहज वर जाते आणि काठची झुडपं पाण्यात उभी राहतात. चढत्या पाण्याबरोबर बास झुडपांत शिरतो, उतरू लागलं की लगेच बाहेर येऊन पहिल्या उताराशी थांबतो. पातळीचा रोजचा आकडा कोअर ऑफ इंजिनियर्स प्रसिद्ध करतं. तो निघण्याआधी बघा, कारण पाणी जास्त चढलं तर काही रॅम्प बंदही होतात. आणि झाडांकडे बघा. आपल्याकडे पळस फुलला की शिमगा आला म्हणतात, तसं इथले जुने गडी डॉगवुड फुलला की बास घरट्यावर आला म्हणतात. डॉगवुडच्या आधी रेडबड जांभळा-गुलाबी फुलतो. तुम्ही रेडबडच्या आसपास पाण्यावर असायला हवं.

बोट नाही? बिघडलं नाही. जॉर्डनचा काठ बहुतेक सार्वजनिक जंगल आहे, खासगी घरांनी अडवलेला नाही. ६४ नंबरच्या हायवेच्या पुलांजवळचे तापलेले दगड दुपारी उत्तम. काठावरून दोघांनी एकाच दिशेने चालायचं: पुढचा भरभर ओढायचं आमिष घेऊन, मागचा पन्नास पावलांवर जिग घेऊन, त्याने सोडलेले मासे वेचत. सरळ समोर लांब फेकण्यापेक्षा काठाला समांतर फेका, आमिष जास्त वेळ कामाच्या खोलीत राहतं. पँट पूर्ण लांबीची घाला आणि घरी गेल्यावर अंगावर गोचीड बघा.

आवाजाची फार भीती बाळगू नका. हवेतलं बोलणं पाण्यात फारसं उतरत नाही. ॲल्युमिनियमच्या तळावर पडलेली पक्कड मात्र उतरते. गप्पा मारा, पक्कड आपटू नका. थालीपीठ आणि लसणाची चटणी खाल्लेल्या हातांबद्दल माझा मित्र फार चिंता करायचा. मग दुकानात लसणाच्या वासाची रबरी आमिषं टांगलेली पाहिली आणि तो विषय संपला.

आता हसण्यावारी न्यायची नाही अशी गोष्ट. मार्चमध्ये हवा सत्तर अंश असते, पोरं टी-शर्टवर येतात, आणि पाणी असतं पन्नास. त्या पाण्यात पडलेल्या माणसासाठी इथे १-१०-१ असा हिशेब शिकवतात: पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, त्यानंतर दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध जायला साधारण एक तास. बुडणारे पुष्कळजण त्या पहिल्याच टप्प्यात बुडतात. गार पाण्याच्या धक्क्याने माणूस नकळत मोठा श्वास घेतो, आणि तोंड पाण्याखाली असतं. पट्टीचे पोहणारेही यात सुटत नाहीत. लाइफ जॅकेट रॅम्पवरच घालायचं आणि रॅम्पवरच काढायचं. बसायची उशी म्हणून ते वापरणाऱ्या मित्राला बोटीत घेऊ नका, मैत्री तुटली तरी चालेल. तेरा वर्षांखालच्या मुलांना चालत्या बोटीत ते घालणं या राज्यात कायद्यानेच बंधनकारक आहे. इंजिन बंद पाडणारी दोरी चालकाच्या अंगाला अडकवलेली हवी; एप्रिल २०२१ पासून इंजिनाच्या, २६ फुटांपेक्षा लहान बोटींना ती केंद्रीय कायद्याने सक्तीची झाली आहे. मित्र पडला तर त्याच्यामागे उडी मारू नका: इंजिन बंद, तरंगणारं काहीतरी फेका, बोटीच्या मागच्या बाजूने वर घ्या. गाडीत दोघांचे कोरडे कपडे ठेवा. कोणत्या रॅम्पवरून, किती वाजेपर्यंत, हे घरी सांगून निघा. अनोळखी फाट्यात इंजिन चालण्याच्या वेगानेच चालवा, खोडं दिसत नाहीत.

मासा लागला की हात ओले करून धरा, कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा चिकट थर लागून येतो आणि तोच त्याचं रोगांपासून रक्षण करतो. खालचा जबडा धरायचा, मोठी मादी असेल तर दुसरा हात पोटाखाली देऊन आडवी धरायची. फोटो एक. उथळ पाण्यात ताटाएवढी फिकट वर्तुळं दिसायला लागली तर ती घरटी आहेत. तिथे नर अंड्यांवर पहारा देत असतो. त्याला उचललं तर छोटे मासे काही मिनिटांत अंडी फस्त करतात. कायदा काय म्हणतो ते वेगळं, मी घरट्यावर फेकत नाही.

"खायचं नाही तर धरायचा कशाला?" हा प्रश्न प्रत्येक मराठी घरात येतो. मी सुरमई दुकानातून आणतो. मोठ्या बासच्या अंगात पारा साठतो, म्हणून गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी लार्जमाउथ बास खाऊ नये असा इथल्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे. तुम्हाला खायचाच असेल तर लहान नर ठेवा, मादी सोडा, आणि त्या तलावाचा लांबीचा व संख्येचा नियम आधी वाचा, कारण तो तलावागणिक बदलतो.

बोट बाहेर काढली की बूच उघडून सगळं पाणी तिथेच सोडा आणि ट्रेलरला अडकलेलं गवत काढा. आपल्याकडे जलपर्णीने काय केलं ते आपण पाहिलं आहे, इथे हायड्रिला तेच करते. मासा जिवंत उचलून दुसऱ्या तलावात सोडणं तर गुन्हाच.

आणि लायसन्स. सोळा वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या ज्याच्या हातात काठी असेल त्या प्रत्येकाला स्वतःचं लागतं, मित्राचं चालत नाही. पाहुणा म्हणून बाहेरच्या राज्यातून आलेल्याला दहा दिवसांचंही मिळतं. नॉर्थ कॅरोलायना वाइल्डलाइफ रिसोर्सेस कमिशनच्या संकेतस्थळावर ते पाच मिनिटांत निघतं. पण आदल्या रात्री घरून काढा, रॅम्पवर फोनला रेंज असेलच असं नाही.